कार्ड कपाटात आहे, नाव यादीत आहे का?

(मुंब्र्यातील तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कल्याणच्या दूधनाक्याचा. आमच्या घरी केशरी रेशन कार्ड कपाटात निकाहनाम्याच्या शेजारी ठेवलेलं असायचं. अम्मीला वाटायचं, कार्ड आहे म्हणजे रेशन आहे. दुकानदार म्हणायचा, "या कार्डावर धान्य येत नाही." ती रिकामी पिशवी घेऊन परत यायची. का येत नाही, हे आम्ही कुणी कधी विचारलंच नाही.

त्याचं उत्तर असं. केशरी कार्ड वर्षाला एक लाखापर्यंत उत्पन्न असलेल्यांना मिळतं. पण २०१३चा अन्न सुरक्षा कायदा आपल्या राज्यात १ फेब्रुवारी २०१४पासून लागू झाला, तेव्हा केशरीवाल्यांपैकी शहरात ५९,००० आणि गावात ४४,००० रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेलीच कुटुंबं 'प्राधान्य' यादीत घेतली गेली. ५९,००० म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत. शिवाय किती लोकांना धान्य द्यायचं हा आकडा अजून २०११च्या जनगणनेवर बांधलेला आहे. जागा रिकामी झाल्याशिवाय नवं नाव चढत नाही. म्हणून एकाच चाळीत दोन केशरी कार्डं असतात, एकावर धान्य येतं, दुसऱ्यावर नाही.

यादीत असलेल्यांना प्राधान्य गटात माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कार्डावर घराला ३५ किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३पासून ते मोफत आहे.

आता एका बहिणीची गोष्ट सांगतो. आम्ही इथे टेबल लावून लोकांचे फॉर्म भरून देत होतो. तलाकनंतर ती दोन मुलांना घेऊन कौसाला माहेरी आली होती. तिघांची नावं मात्र अजून भिवंडीला सासरच्या कार्डावर होती. म्हणजे दरमहा पंधरा किलो धान्य तिच्या आणि मुलांच्या नावाने येत होतं आणि तिच्या चुलीपर्यंत पोहोचत नव्हतं. तिकडचं नाव कमी होईना, म्हणून इकडे चढेना. कितीतरी चकरा मारल्यावर नाव कमी झालं. तलाकवर आपण रात्र रात्र चर्चा करतो. त्या चर्चेत हे पंधरा किलो कधी आलेच नाहीत, याची मला लाज वाटली. याच कायद्यात घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी बाई कुटुंबप्रमुख मानली आहे. आपल्या किती घरांत हे माहीत आहे?

तुम्हा सगळ्यांकडे मोबाइल आहे, म्हणून काम तुम्हालाच सांगतो. 'मेरा राशन' अ‍ॅपवर घरचं कार्ड उघडा. कुणाकुणाची नावं आहेत, किती धान्य मंजूर आहे, ते बघा. दुकानातून धान्य आणायला घरातल्या एकाचा अंगठा पुरतो, पण ई-केवायसी मात्र ज्याची त्यानेच करायची असते. भांडी घासून दादीच्या बोटांचे ठसे पुसट झाले असतील, तर चेहरा दाखवून करता येते. आधारवर 'शेख' आणि कार्डावर 'शैख' असेल, तर आधी ते एक करून घ्या.

कार्ड रत्नागिरीचं असो की बिहारचं, यादीत नाव असेल तर ठाण्यातल्या दुकानातही धान्य मिळतं. त्यासाठी नवं कार्ड काढायची गरज नाही.

वेळही सांभाळा. महिन्याचं धान्य त्याच महिन्यात उचला आणि मशीनची पावती मागून घ्या. "माल आला नाही" म्हणाले, तर तारीख लिहून ठेवा आणि १९६७वर तक्रार करा. शहरात शिधावाटप कार्यालयात, गावाकडे तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. हक्काचं धान्य दिलं नाही, तर सरकारने अन्न सुरक्षा भत्ता द्यावा, असं कायद्यात लिहिलेलं आहे. पण आपण मागायला गेलो होतो याचा कागद हातात नसेल, तर तो भत्ता मागणार कशाच्या जोरावर?

रमजानमध्ये आपण रेशन किट वाटतो. वाटत राहू या. एक किट महिनाभर पुरतं, यादीत चढलेलं एक नाव दर महिन्याला पाच किलो आणतं. पुढच्या रमजानला किट घेऊन ज्या दारात जाल, तिथे एवढंच विचारा, "खाला, कार्ड दाखवता का?"