वादळ गेल्यानंतर
(जीर्णोद्धार समारंभानिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



देवळाच्या नव्या सभामंडपात बसून वादळाचा विषय काढणे काहींना विचित्र वाटेल. परंतु देवळाचा जीर्णोद्धार निघाला की पहिली चर्चा छपराची होते, आणि वादळ गावातून पहिली वस्तू नेते तीही छप्परच. तेव्हा विषय अगदीच परका नाही.

सन २०२० चा तो उन्हाळा आठवावा. करोनाच्या साथीमुळे टाळेबंदी होती. चाकरमानी मिळेल त्या वाटेने गावी पोचलेले, आणि गावोगावच्या शाळांत त्यांच्या विलगीकरणाची सोय केलेली. वटपौर्णिमा दोन दिवसांवर आली होती. मृगाच्या आत घर शाकारून घ्यावे, लाकूडफाटा आत टाकावा, या गडबडीत लोक असतानाच हवामान खात्याची सूचना आली, आणि दि. ३ जून रोजी दुपारी साडेबारा ते अडीच या वेळात 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर, मधूनच १३० पर्यंत. हे नाव बांगलादेशाने सुचविलेले. नाव गोड, करणी मात्र अशी की श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, मुरूड, म्हसळा आणि खाडीपलीकडे मंडणगड, दापोली या भागांत दोन पिढ्यांनी लावलेल्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या.

प्रथम जे चांगले झाले ते सांगितले पाहिजे. किनाऱ्यावर धोक्याचे बावटे चढले. समुद्रात गेलेल्या नौकांना परत बोलावण्यात आले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके आधीच येऊन थांबली होती. तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, कोतवाल, अंगणवाडी सेविका ही माणसे किनाऱ्याच्या वस्त्यांतून फिरली आणि कुडाच्या, पत्र्याच्या, मोडकळीस आलेल्या घरांतील लोकांना पक्क्या इमारतींत हलविले गेले. महाराष्ट्र व गुजरात मिळून लाखाच्या आसपास माणसे अशी हलविली गेली. हे काम सोपे नव्हते. शाळा विलगीकरणाला दिलेल्या, माणसामाणसांत अंतर राखा असा हुकूम, आणि एका खोलीत तीन कुटुंबे कोंबण्यावाचून इलाज नाही. त्यात वृद्ध माणसे घर सोडायला राजी होत नाहीत. देवापुढचा दिवा, गोठ्यातली गाय, कपाटातले कागद यांत त्यांचा जीव अडकतो. तरीही एवढ्या वाऱ्यात महाराष्ट्रातील मृतांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली.

याची किंमत कळण्यासाठी थोडे पूर्व किनाऱ्याकडे जावे लागेल. दि. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशात पारादीपजवळ महाचक्रीवादळ आले. समुद्र पाच-सहा मीटर उंचीने आत शिरला आणि जवळजवळ दहा हजार माणसे गेली. त्यांतील बहुसंख्य एकट्या जगतसिंगपूर जिल्ह्यातील. एरसमा या भागात तर गावेच्या गावे धुऊन निघाली. त्या घावानंतर ओडिशाने आपत्ती निवारणासाठी राज्याचे स्वतंत्र प्राधिकरण उभारले, किनाऱ्यावर खांबांवर उभ्या असलेल्या आश्रयाच्या इमारती बांधल्या, गावातल्या तरुणांना शिकवून तयार केले. पुढे १२ ऑक्टोबर २०१३ रोजी गोपाळपूरजवळ 'फायलिन' आले तेव्हा सुमारे दहा लाख माणसे आधीच हलविली गेली होती, आणि मृतांचा आकडा पन्नासाच्या आत राहिला. समुद्र तोच, वारा जवळपास तसाच. मधली चौदा वर्षे कामी आली. आपल्याकडेही नोव्हेंबर २००९ मधील 'फयान'ची आठवण मच्छीमार घरांत अजून ताजी आहे. त्या वेळी समुद्रात गेलेल्यांच्या घरच्यांनी बंदरावर काढलेल्या रात्रींमुळेच २०२० साली बावटा पाहताच नौका परत फिरल्या, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु जीव वाचले म्हणजे संकट टळले, ही समजूत गावाबाहेरच्यांची. मुंबई थोडक्यात बचावली या बातमीवर पुष्कळांचे समाधान झाले. इकडे वारा पडल्यावर माणसे बाहेर आली, तर अंगणातून रस्त्यावर जाता येईना. वीस-पंचवीस पावलांवरचे शेजाऱ्याचे घर दिसत नव्हते. मध्ये फणस, आंबे, नारळ यांचा ढीग. आणि पूर्वी कधी न दिसणारा समुद्र मात्र ओटीवरून दिसू लागला. कारण मधली वाडीच नाहीशी झाली होती.

पहिले मदतकार्य कोणी केले? ज्यांच्या हातात कोयता, कुऱ्हाड होती त्यांनी. सरकारी पथक येणार ते रस्त्यावरून, आणि रस्ता मोकळा झाल्याखेरीज पथक येणार नाही. तेव्हा प्रत्येक वाडीने आपापल्या बाजूने तोडायला सुरुवात केली व मध्ये कोठेतरी दोघांची गाठ पडली. मोबाइल बंद, वीज बंद. तालुक्याला काय झाले ते गावाला ठाऊक नाही व गावाचे तालुक्याला ठाऊक नाही. मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांची तर दोन-तीन दिवस झोप उडाली. यंत्रणेने पूर्वतयारीत सर्व काही लिहिले होते, परंतु फोन एकदमच मुका झाला तर निरोप्या कोण, याचे उत्तर फारसे कोठे लिहिलेले नव्हते.

दुसरी गरज छपराची. वादळ दोन तासांत गेले, पण पाऊस जायचा नव्हता. तो तर यायचा होता. कौले फुटली, पत्रे उडून शेजारच्या शेतात वळकट्या होऊन पडले. घरातला तांदूळ भिजला, गाद्या भिजल्या, साठवलेली सुपारी भिजली. त्या आठवड्यात गावाला पैशापेक्षा प्लास्टिकचा कागद, ताडपत्री आणि पत्रा हवा होता. टाळेबंदीमुळे दुकानात माल नाही, गवंडी-सुतार आपापल्या मुलखाला गेलेले, आणि जो माल मिळे त्याचा भाव ऐकून माणूस परत फिरे. बाहेरून मदतीच्या गाड्या आल्या. आणणाऱ्यांचा भाव चांगलाच होता, परंतु कित्येक गाड्यांत जुने कपडे व बिस्किटे. कपडे वाळवायला जागा नव्हती हे पाठविणाऱ्याला कसे कळावे? ज्या संस्थांनी आधी गावात माणूस पाठवून 'काय हवे' असे विचारले त्यांनी पत्रे, दोर, खिळे, ताडपत्री आणि झाडे कापण्याची यंत्रे आणली. त्या गाड्यांची आठवण लोक अजून काढतात.

विजेचे खांब हजारोंनी पडले होते. महावितरणची माणसे दुसऱ्या जिल्ह्यांतून आली, भर पावसात चिखलात खांब उभे करीत राहिली, तरी काही गावांत महिना उलटला तरी दिवा लागला नाही. वीज नाही म्हणजे नळाचे पाणी नाही; पंप बंद. ज्या गावांनी जुन्या विहिरी बुजविल्या नव्हत्या, रहाट काढून टाकले नव्हते, त्यांचे निभावले. विहिरीत पाला, फांद्या पडलेल्या. तो उपसून आरोग्य सेवकाकडून टी.सी.एल. पावडर टाकून घेणे हे पहिल्या आठवड्याचे मोठेच काम. चिमणी-कंदिलाला घालायला रॉकेलही नव्हते, कारण घरोघर गॅस आल्यावर रेशनचे रॉकेल बहुतेकांचे बंद झालेले. पुढे शासनाने या भागासाठी खास रॉकेल देण्याचा निर्णय केला. बँकेत गेले तर तेथेही अंधार. मदत खात्यावर जमा होणार होती, पण खाते उघडून दाखविणारे यंत्र चालत नव्हते.

आता पंचनाम्याकडे वळू. हा विषय रुक्ष आहे, परंतु वादळग्रस्ताचे पुढील वर्ष याच कागदावर ठरते. तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक यांनी मिळून जागेवर जाऊन नुकसान पाहावे, दोन पंचांच्या सह्या घ्याव्यात, असा हा प्रकार. एका तलाठ्याकडे अनेक गावे, रस्ते बंद, पाऊस चालू. लोकांना भीती अशी की झाड हलविले तर पुरावा जाईल. म्हणून पडलेली झाडे तशीच, आणि झाडे तशीच म्हणून घराचा रस्ता बंद. ज्यांनी शेजाऱ्याच्या मोबाइलवर, तो चार्ज असेतो, फोटो काढून ठेवले ते शहाणे ठरले.

जून महिन्यातच शासनाने मदतीचे दर वाढविले. पूर्ण नष्ट झालेल्या घराला पूर्वी ९५,१०० रुपये मिळत, ते दीड लाख झाले. फळबागेला हेक्टरी १८,००० होते, ते दोन हेक्टरांच्या मर्यादेत ५०,००० झाले. आकडा ऐकून प्रथम बरे वाटले. मग लोक हिशेबाला बसले. हेक्टर म्हणजे ढोबळ मानाने शंभर गुंठे. म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये. श्रीवर्धन-दिवेआगरकडील वाडी असते किती? कोणाची पाच गुंठे, कोणाची दहा. दहा गुंठ्यांच्या वाडीला पाच हजार! त्या दहा गुंठ्यांत दाटीने सुपारी, मधून नारळ, त्यांवर मिरीचे वेल, खाली जायफळ, केळी. श्रीवर्धनची रोठा सुपारी म्हणून जिचे नाव, तिच्यावर मुलांची शिक्षणे, मुलींची लग्ने झालेली. पडलेली झाडे तोडून बाहेर काढण्याची मजुरीच पाच हजारांच्या वर जाई. हेक्टरचे माप देशावरच्या द्राक्ष-डाळिंबाच्या बागेला शोभेल. कोकणातल्या वाडीला ते मोठ्या माणसाच्या सदऱ्यासारखे होते, अंगावर आले पण बसले नाही.

लोकांनी झाडागणिक भरपाई मागितली. निवेदने गेली, मंडळी भेटून आली. अखेर सुपारीच्या झाडाला ५० रुपये व नारळाच्या झाडाला २५० रुपये, असा निर्णय त्याच वर्षी झाला. रक्कम पुरेशी होती असे कोणी म्हणणार नाही. वर्षाकाठी शेकड्यांनी फळ देणाऱ्या माडाचे मोल २५० रुपयांत होत नाही. परंतु मोजमाप झाडावर आले, हे महत्त्वाचे झाले.

याहून अवघड गाठ सातबाऱ्याची. वाडी कसणारा एक, उताऱ्यावर नावे चौदा. त्यांतले निम्मे दिवंगत, वारसनोंद झालेली नाही. उरलेले गिरगाव, डोंबिवली, बडोदे असे विखुरलेले. भरपाई कोणाच्या नावे काढायची? इतरांचे संमतिपत्र आणा. टाळेबंदीत संमतिपत्र आणायचे कोठून? काही घरांत चुलतभावांनी फोनवरून होकार दिला व नंतर सही पाठविली. काही घरांत त्या पाच-सात हजारांवरून जुना तंटा पुन्हा पेटला आणि रक्कम तशीच पडून राहिली. सभेत बसलेल्या मुंबईकर मंडळींनी रागावू नये, परंतु देवळाच्या देणगीदारांच्या यादीत आपले नाव शुद्ध छापले आहे ना हे जितक्या काळजीने पाहिले जाते, तितक्याच काळजीने आजोबांचे नाव उताऱ्यावरून उतरून वारसांची चढली काय हेही या खेपेस तलाठी कार्यालयात पाहून जावे. मे महिन्याची रजा त्यासाठी पुरते.

आणि ज्यांच्या नावे काहीच नाही त्यांचे काय? झाडावर चढून सुपारी-नारळ उतरविणारा माणूस, घरोघर सुपारी सोलणाऱ्या बाया, झावळ्यांचे हीर काढून झाडू विकणारी म्हातारी, पर्यटकांना जेवण-निवास देणाऱ्या घरात भांडी घासणारी मुलगी. यांच्या नावे जमीन नाही, म्हणून वाडीच्या पंचनाम्यात हे कोठेच येत नाहीत. घर पडले तर घराचे मिळेल. पण त्यांचा खरा रोजगार दुसऱ्याच्या वाडीत उभा होता आणि तो वाडीबरोबरच आडवा झाला. झाडे साफ करण्याचे काम दोन-तीन महिने मिळाले. नंतर पुढे वाडीत उतरवायला काही उरले नाही. कित्येक तरुण पनवेल-मुंबईकडे गेले.

वर्ष सरते न सरते तोच, मे २०२१ मध्ये 'तौक्ते' वादळ कोकण किनाऱ्याला समांतर वर सरकत सौराष्ट्राकडे गेले आणि नुकतीच घातलेली छपरे पुन्हा उडाली. त्या वेळी मात्र एक फरक दिसला. दोर, ताडपत्री, कंदील, कोरडे सरपण आणि कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी पुष्कळ घरांत आधीच तयार होती. पत्र्यावर वाळूची पोती बांधलेली होती.

नवीन लागवडीला रोजगार हमीतून साहाय्य मिळाले. परंतु सुपारीच्या कोवळ्या रोपाला कडक ऊन सोसत नाही. जुन्या वाडीत मोठ्या झाडांची सावली असे, ती आता नव्हती. म्हणून लोकांनी आधी केळी लावल्या आणि केळीच्या सावलीत सुपारी. रोप धरायला लागण्यास सहा-सात वर्षे जातात, माडाला त्याहूनही अधिक. केळी काढून टाकण्याइतकी जेथे सुपारी उंच झाली, तेथे ओटीवरून दिसणारा समुद्र पुन्हा झाकू लागला आहे.