मुलांनी विचारायचे कोणाला?

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून काहीजणी तोंडाला पदर लावतील. मीही त्यांतलीच होते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. या गोष्टी आम्हांला कोणी सांगितल्या नाहीत, आम्हीही कोणाला विचारल्या नाहीत.

गेल्या वर्षी माझ्या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या फोनवर मी निरोधाची माहिती पाहिली. फोन हिसकावून घेतला आणि नको नको ते बोलले. मागाहून कळले, त्याचा एक मित्र गुप्तरोगाने बेजार झाला होता. घरापासून दूर, इथे मागावर रात्रपाळी करणारा पोरगा! लाजेपायी एका भोंदूच्या पदरी पैसे ओतीत होता. माझा मुलगा त्याच्यासाठी वाचीत होता. त्यानेच त्याला सरकारी रुग्णालयात नेले. औषधाने रोग बरा झाला. एचआयव्हीची तपासणी मात्र तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागली. कारण लागण झाल्याबरोबर ती तपासणीत दिसत नाही. दोन्ही वेळा काही निघाले नाही. मी मुलाची क्षमा मागितली.

मग सरकारचा १०९७ हा मोफत क्रमांक मी स्वतःच लावून पाहिला. नाव न सांगता विचारता आले आणि उत्तरही नीट मिळाले.

हे काही नवे नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. वाचक पत्राने प्रश्न विचारीत, ते उत्तरे छापीत. त्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. आज तेच काम फोनवर होऊ शकते. केंद्र सरकारने २०१७ साली किशोरवयीनांसाठी ‘साथिया सलाह’ नावाचे अॅप काढले. पण त्याच फोनवर घाणेरडी चित्रेही आहेत. खरे कोणते नि खोटे कोणते, हे सांगणारे माणूस घरातच हवे.

निदान एवढे तरी मुलामुलींना सांगा. गोळ्यांनी गर्भ टळतो, रोग टळत नाही. निरोध नीट वापरला तर दोन्हींपासून बचाव होतो. सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि ती गुप्त ठेवण्याचा कायदा २०१७ साली झाला आहे. आणि ‘नको’ म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

सांगितल्याने मुले बिघडतील, अशी भीती मलाही वाटे. पण न सांगितल्याने तो पोरगा भोंदूच्या दारी गेला, हे मी पाहिले आहे.