मेंदूच्या नकाशाला काय विचारावें?



माझा व्यवसाय शिक्षकाचा. साताऱ्यास आणि पुढें सांगलीस आयुष्याचीं बरींच वर्षें प्रश्नपत्रिका काढण्यांत गेलीं. परीक्षेंतील प्रश्नाचें उत्तर तो काढणाऱ्यास आधींच ठाऊक असतें. संशोधकाच्या प्रश्नाचें उत्तर कोणासच ठाऊक नसतें. म्हणून तो प्रश्न काढणें अधिक अवघड. मेंदूच्या जोडणीचे जे नकाशे हल्लीं तयार होत आहेत, त्यांत याचा चांगला प्रत्यय येतो.

मनुष्याच्या मेंदूंत सुमारें ८६ अब्ज मज्जापेशी आहेत. त्यांच्या जोडणीचा संपूर्ण नकाशा अद्याप निघालेला नाहीं. लहान प्राण्यांचे निघाले आहेत. १९८६ सालीं जॉन व्हाइट, सिडनी ब्रेनर प्रभृति शास्त्रज्ञांनीं एक मिलिमीटर लांबीच्या कृमीच्या ३०२ मज्जापेशींची जोडणी प्रसिद्ध केली. २०२४ सालीं, पिकल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या फळमाशीच्या मेंदूचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यांत सुमारें १,३९,००० पेशी आणि ५ कोटींहून अधिक सांधे आहेत.

मग माशीचें मन उलगडलें काय? नाहीं. सांगली जिल्ह्याचा रस्त्यांचा नकाशा समोर ठेवा. तासगांवाहून सांगलीच्या पेठेंत हळद कोणत्या वाटेनें येईल, हें तो सांगेल. हळदीचा भाव कां चढला, हें सांगणार नाहीं. मेंदूचेंही तसेंच. कोणता सांधा जोरकस, कोणता दुबळा, पेशींभोंवतीं पसरणारीं रसायनें केव्हां काय बदल घडवितात, हें नुसत्या रेषांवरून पुरतें कळत नाहीं.

तेव्हां 'मेंदू विचार कसा करतो?' हा प्रश्न भव्य असला तरी नकाशा त्यापुढें मुका राहतो. 'माशीच्या मिशांतील एकाच जातीच्या गंधपेशींचे धागे मेंदूंत एके ठिकाणीं जातात, कीं विखुरतात?' हा प्रश्न लहान आहे. पण त्याला उत्तर मिळालें. ते एके ठिकाणीं जातात.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत ओबेद सिद्दीकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनीं असाच मार्ग धरला. १९७८ सालीं त्यांनीं फळमाशीच्या गंध व रुचि यांच्या जाणिवेवरील काम प्रसिद्ध केलें. 'वास म्हणजे काय?' असें न विचारतां, 'कोणत्या आनुवंशिक बदलानें माशीची कोणती जाणीव बिघडते?' असें त्यांनीं विचारलें. त्या वेळीं नकाशा नव्हता. प्रश्न मात्र नेमका होता.

आज उलट भय आहे. पांच कोटी सांध्यांच्या जाळ्यांत शोधूं जाल ती आकृति सांपडेल. म्हणून काय आढळल्यास आपली कल्पना खोटी ठरेल, हें नकाशा उघडण्यापूर्वींच लिहून ठेवावें. नाहींतर वर्षांचे श्रम आणि पैसा खर्चून आपलीच समजूत आपल्यास परत मिळते.

सातारा-सांगलीकडील मुलें उद्यां या कामांत शिरतील. त्यांची तयारी घरींच होते. मुलानें प्रश्न केला असतां 'पुढें कळेल' म्हणून तो मिटवूं नये. 'याचें उत्तर बरोबर आहे, हें तूं कशावरून ओळखशील?' एवढें त्यास विचारावें.