काला अंबच्या वाटेवर : मद्य, वाहन आणि न्याय

दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरांवर, पानिपतजवळ, काला अंब हे स्थान आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठ्यांची एक पिढी ज्या रणभूमीवर धारातीर्थी पडली, तिची स्मृती तेथील स्तंभ जपून आहे. संक्रांतीच्या सुमारास महाराष्ट्रातील अनेक माणसे तेथे जातात.

समजा, दर्शनाहून रात्री परतणारी अशी एक मोटार पोलिसांनी महामार्गावर थांबविली आणि चालकाच्या तोंडाला दारूचा वास आला. सोबतचा एक गृहस्थ कुजबुजतो, "काहीतरी देऊन मिटवा." दुसरा म्हणतो, "नळीत फुंकूच नका." दोन्ही सल्ले आत्मघातकी आहेत. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाच एक गुन्हा आहे. आणि सबळ कारणावाचून चाचणी नाकारली, तर ते नाकारणेच फिर्यादी पक्षाच्या पुराव्याला बळ देऊ शकते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचे १८५ वे कलम स्पष्ट आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास वाहन चालविणारा दोषी ठरतो. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही; पुन्हा तसेच घडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. हा गुन्हा रस्त्यावर तडजोडीने मिटत नाही. त्याचा निकाल न्यायालयातच लागतो.

परंतु कायद्याला दुसरीही बाजू आहे. रक्तातील मद्यार्क काळाबरोबर बदलत असतो. म्हणूनच या कलमाखाली अटक झालेल्या व्यक्तीची वैद्यकीय तपासणी दोन तासांच्या आत झालीच पाहिजे. ती न झाल्यास त्या व्यक्तीस कोठडीतून सोडावे लागते. संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदानुसार अटकेचे कारण सांगितले गेले पाहिजे, पसंतीच्या वकिलाचा सल्ला मिळाला पाहिजे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले गेले पाहिजे. वकील करण्याची ऐपत नसल्यास, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखाली कोठडीतील व्यक्तीला विनामूल्य साहाय्य मिळते. परमुलखात, परभाषेत सापडलेल्या चालकाला याचे मोल विशेष आहे. न समजलेल्या भाषेतील कागदावर त्याने घाईने सही करू नये. मजकूर समजावून मागावा.

संशय म्हणजे सिद्धता नव्हे. महाराष्ट्रातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये सांगितले, की तोंडाचा वास, अस्थिर चाल, अडखळती वाणी आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून मद्यप्राशनाचा निश्चित निष्कर्ष काढता येत नाही. तेथे रक्ताच्या तपासणीचा अहवाल पुराव्यात सादर झालेला नव्हता. म्हणून यंत्र निर्दोष होते काय, नमुना मोहोरबंद राहिला काय, असे विचारणे ही पळवाट नव्हे. तो बचावाचा अधिकार आहे.

आणि तरीही एक दृश्य विसरता येणार नाही. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत, वांद्र्याच्या कार्टर रोडवर, एक मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांवर चढली. सात जण मृत्युमुखी पडले. या प्रकरणी सदोष मनुष्यवधाच्या आरोपाखाली चालकास झालेली तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केली. तेथे केवळ निष्काळजीपणा न्यायालयाला पुरेसा वाटला नाही.

झोपलेल्या मजुराचे प्राण आणि आरोपीचे स्वातंत्र्य, दोहोंचे रक्षण एकाच कायद्याने करावयाचे आहे. पहिल्यासाठी मद्य घेतलेल्याने चाकाला हात लावू नये. दुसऱ्यासाठी पुराव्यावाचून कोणालाही दोषी ठरवू नये. काला अंबला वंदन करून निघालेल्या मंडळींनी शिक्षेचे कलम जाणावे आणि रक्षणाचेही. मात्र सर्वांत भरवशाचा बचाव वकिलाच्या हाती नसतो. किल्ली शुद्धीत असलेल्या माणसाच्या हाती देण्यात असतो.