संगणकाचा श्रीगणेशा
(तारनाका येथील गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



आपल्याकडे शुभकार्याचा आरंभ गणपतीपूजनाने होतो. संगणकातही विंडोज किंवा लिनक्सच्या आधी एक छोटा प्रोग्राम जागा होतो. तो प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांना कामाला लावतो आणि सूत्रे पुढे सोपवतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. १९८१ च्या आयबीएम पीसीत ते बायोस होते. आता बहुतेक संगणकांत यूईएफआय असते.

आपल्या तारनाक्याच्या नावात तार म्हणजे कुंपण आणि नाका म्हणजे पहारा, असे सांगतात. फर्मवेअर हाही नाकाच. नाकेदारच फितूर झाला तर आतल्या शिपायांचा उपयोग काय? अँटिव्हायरस तर त्याच्या नंतर जागा होतो.

ही भीती पोकळ नाही. डिसेंबर २०२३ मध्ये ‘लोगोफेल’ नावाचे दोष उघड झाले. संगणक सुरू होताना कंपनीचे बोधचिन्ह दिसते. ते चित्र वाचणाऱ्या भागातच हे दोष होते. मुद्दाम बिघडवलेले चित्र आत ठेवता आले, तर हल्लेखोराला पहिल्याच पायरीवर शिरकाव मिळत होता.

असे का होते? यूईएफआयचा पसारा मोठा आहे आणि तो मुख्यतः सी भाषेत लिहिलेला आहे. सीमध्ये मेमरीचा हिशेब प्रोग्रामरने सांभाळायचा. आपल्या उत्पादनांतील सुमारे ७० टक्के सुरक्षादोष या हिशेबाच्या चुकांचे असतात, असे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले. रस्ट भाषेची पहिली स्थिर आवृत्ती २०१५ मध्ये आली. तिच्यात प्रत्येक वस्तूला एकच मालक. उसनी दिली तर कुठवर वापरायची, हे कंपायलर आधीच तपासतो. हिशेब जुळेना, तर प्रोग्राम तयारच होत नाही.

पसारा कमी करण्याचा प्रयत्नही जुना आहे. १९९९ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत रॉन मिनिच यांनी लिनक्सबायोस सुरू केले. त्याचेच पुढे कोअरबूट झाले. क्रोमबुकमध्ये ते वापरतात. त्यातून सी वजा करून रस्टमध्ये लिहिलेले ते ओअरबूट. इंग्रजी नावातूनही ‘सी’ हे अक्षर गाळले आहे!

अडचण एकच, पण मोठी. आधुनिक प्रोसेसरची मेमरी जागी करण्याची कृती अनेक कंपन्या बंद पेटीतच देतात. रस्ट ती पेटी उघडू शकत नाही. म्हणून ओअरबूटचा भर रिस्क-फाइव्ह या खुल्या रचनेवर आहे. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे आपले प्रोसेसर त्याच रचनेचे. प्रोसेसर आपला झाला, तर त्याला जागे करणारा प्रोग्रामही आपल्याला वाचता यायला हवा.

घरोघरी संगणक शिकणारी मुले आहेत. त्यांना सांगा, हा कोड खुला आहे. क्यूईमू या आभासी यंत्रावर असे फर्मवेअर चालवून पाहता येते. घरचा संगणक बिघडत नाही. आणि आपण मोठ्यांनी संगणकाच्या कंपनीने दिलेले फर्मवेअरचे अपडेट टाळू नये.

गणपती बाप्पा मोरया!