कारागीर आणि गिऱ्हाईक : तुटलेला संवाद

(ग्रामीण उद्योग व महिला बचत गट या विषयावर पंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



बलुतेदारीची पद्धत मोडली, याचे दुःख करण्याचे कारण नाही. कारागिराला जातीच्या खुंट्याशी बांधून ठेवणारी ती व्यवस्था होती. तथापि तिच्यात एक गोष्ट आपोआप घडत असे. सुताराने जोडलेला नांगर दोन तासे मारताच ढिला झाला, तर कुणबी तो खांद्यावर टाकून त्याच दिवशी सुताराच्या दारात उभा राही. चांभाराला आळीतल्या प्रत्येकाचा पाय ठाऊक असे. सुगीला खळ्यावर बलुते घालताना वर्षभराच्या कामाचा निवाडा तोंडावर होई, आणि पेंढ्या कमी पडल्या तर त्याचे कारण कारागिराला दुसऱ्या कुणाकडे विचारावे लागत नसे.

आज कारागीर गावात आहे आणि गिऱ्हाईक मुंबई-पुण्यात. मध्ये दुकानदार आहे, दलाल आहे, वर्षातून एकदा भरणारे प्रदर्शन आहे. माल खपला तर तो का खपला, आणि पडून राहिला तर का राहिला, हे माल करणाऱ्या हाताला समजत नाही. नाराज झालेले गिऱ्हाईक भांडायला येत नाही. पुढच्या खेपेस ते निमूटपणे दुसऱ्याचा माल घेते. कारखानदार अशा वेळी पाहणी करण्यासाठी माणसे नेमतो. बचत गटातील दहा-बारा भगिनींना ते परवडणारे नाही, आणि बँकेचा हप्ता तर त्याच मालाच्या विक्रीतून फेडायचा असतो. यास्तव तुटलेला हा संवाद हेतुपूर्वक पुन्हा जोडावा लागेल.

गिऱ्हाइकाचा नकार हाही त्याचा अभिप्रायच असतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि पुढे कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर तयार केले. नांगर चांगला होता, पण शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमिनीला विष बाधते, अशी समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. अशा वेळी किंमत उतरवून किंवा नांगराला नवा रंग देऊन काय साधले असते? अडचण वस्तूत नव्हती, वापरणाऱ्याच्या मनातल्या भीतीत होती. आणि अशा भीतीला उत्तर शेतातच द्यावे लागते. पुढे १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली व लोखंडी नांगर महाराष्ट्राच्या शिवारात सर्वत्र दिसू लागला. माल पडून राहिला म्हणजे तो वाईटच, असा निष्कर्ष घाईने काढू नये, इतके तरी या उदाहरणावरून दिसते.

याच्या उलट, गिऱ्हाईक मागते तेच देत राहिल्यानेही उद्योग बुडू शकतो. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात भगिनींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. हाच पुढे ‘लिज्जत’ म्हणून देशभर गेलेला उद्योग. सुरुवातीला या भगिनी स्वस्त माल मागणाऱ्यांसाठी हलक्या प्रतीचे पापडही करीत असत. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल करमसी पारेख, म्हणजे छगनबाप्पा, यांनी एकच उत्तम प्रत ठेवण्याचा आग्रह धरला. स्वस्त पापड मागणारे गिऱ्हाईक तो पापड बेचव निघाल्यावर स्वतःला दोष देत नाही, पाकिटावरच्या नावाला देते. पहिल्या वर्षी पावसाळ्यात वाळवण होईना म्हणून काम चार महिने बंद पडले; दुसऱ्या वर्षी खाटेवर पापड पसरून खाली शेगडी ठेवण्यात आली. गिऱ्हाइकाची पापडाची गरज पावसाळ्यात थांबत नाही, हे ओळखून केलेली ही साधी युक्ती होय. पुढे पीठ केंद्रावर एकत्र मळायचे, लाटणे घरोघरी करायचे आणि पापड परत घेताना तपासायचे, अशी रीत पडली. हजारो हात लाटतात, पण चव एक राहते. कारण चव पिठात आहे.

मग कोणती मागणी मानावी व कोणती सोडावी? कोल्हापुरी चपलेचे उदाहरण येथे उपयोगी आहे. बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेल्या चामड्याची ही चप्पल. महाराष्ट्र व कर्नाटक यांतील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी तिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. शहरी गिऱ्हाइकाची पहिली तक्रार ठरलेली असते : चप्पल चावते. दुसरी, ती जड आहे. तिसरी, पावसात खराब होते. पहिल्या तक्रारीवर कारागिराजवळ उपाय आहे : पट्ट्याचे चामडे मऊ निवडणे, तेल मुरवणे, आणि विकतानाच गिऱ्हाइकाला पहिले काही दिवस तेल लावण्यास सांगणे. दुसरीसाठी हलक्या घाटाची कापशी चप्पल आहेच. तिसरीला नम्रपणे खरे उत्तर द्यावे, की ही पावसात घालण्याची वस्तू नाही. पण कुणी चामड्यासारख्या दिसणाऱ्या प्लॅस्टिकची चप्पल याच नावाने मागितली, तर तेथे थांबले पाहिजे. ती मागणी पुरवताना पिढ्यान्‌पिढ्यांचे नावच विकले जाते. (तळाच्या थरांत बी घालून जी करकर आणतात, तिला कुणी परका दोष समजेल, जाणकार गिऱ्हाईक मात्र ती मुद्दाम मागून घेते. कोण बोलत आहे, हेही पाहावे लागते ते असे.)

शेंगदाण्याची चटणी करणारा एखादा गट डोळ्यांसमोर आणावा. स्थानिक बाजारात लोक म्हणतात, तिखट कमी पडले. शहरातल्या प्रदर्शनात म्हणतात, मुलांना झेपत नाही. दोघांचे ऐकून मधली चटणी केली तर ती कुणालाच आवडत नाही. तिखट व मध्यम अशी दोन वेगळी पाकिटे करावीत आणि त्यावर तसे स्पष्ट लिहावे. परंतु ‘महिन्याने वास येतो’ असे दोन जणांनी जरी सांगितले, तरी ती आवडीनिवडीची गोष्ट राहत नाही. दाण्याचे तेल खवट होते आहे. चटणी गरम असताना भरली गेली, पिशवी पातळ होती किंवा दाणे जुने होते. तेथे हातातले काम थांबवून कारण शोधलेच पाहिजे. दुकानदार ‘गिऱ्हाईक मागत नाही’ म्हणतो, तेव्हाही खातरजमा करावी. पुष्कळदा त्याला कमिशन कमी पडत असते, आणि पाकिटे मागच्या फळीवर गेलेली असतात.

विचारण्याचीही रीत आहे. ‘चटणी कशी वाटली?’ या प्रश्नाला आपल्याकडे ‘छान’ हेच उत्तर मिळते. समोर उभ्या असलेल्या बाईला कोण नावे ठेवील? त्याऐवजी ‘मागचे पाकीट किती दिवस पुरले?’, ‘शेवटी उरले का?’, ‘घरात कोण खात नाही?’ असे विचारावे. ज्याने एकदा घेऊन पुन्हा घेतले नाही, त्याचे उत्तर सर्वांत मोलाचे, आणि त्याच्याकडेच कुणी जात नाही.

येथे पंचायतीचा व शाळेचा संबंध येतो. प्रदर्शनाहून गट परतला की किती रुपयांची विक्री झाली एवढाच आकडा अहवालात जातो. काय परत आले, कोणते पाकीट हातात घेऊन लोकांनी खाली ठेवले, काय मागितले व ते जवळ नव्हते, याची नोंद कोठेच होत नाही. गटाच्या बैठकीत ठरावाची वही असतेच. तिच्या मागच्या पानांवर तारीख, माल आणि गिऱ्हाइकाचे शब्द त्याच्याच बोलीत लिहावेत. ज्या भगिनींना लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी सातवी-आठवीचे विद्यार्थी बाजारच्या दिवशी हे काम आनंदाने करतील. त्यांच्या गणिताच्या तासालाही त्यातून साहित्य मिळेल.

आणखी एक गोष्ट सहज होण्याजोगी आहे. वेष्टनबंद मालावर तक्रारीसाठी नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक छापणे २०११ च्या नियमांनुसार आवश्यक आहे. पाकिटावर तो क्रमांक छापलेला असतो. पण पुष्कळ ठिकाणी तो अध्यक्षबाईंच्या मुलाचा असतो, आणि मुलगा शहरात नोकरीला असतो. विस्तार अधिकाऱ्यांनी पुढच्या भेटीत अनुदानाचे कागद पाहण्यापूर्वी त्या क्रमांकावर एकदा दूरध्वनी करून पाहावा. कोण उचलते आणि काय उत्तर देते, ते त्याच वहीत लिहून ठेवावे.