गुडघ्याची शस्त्रक्रिया आणि रक्ताची बचत

(सुवर्ण महोत्सवानिमित्त ज्येष्ठांसाठी झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



ऑक्टोबर २००० मध्ये तत्कालीन पंतप्रधान श्री. अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला. जून २००१ मध्ये उजवा बदलला. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया आपल्याकडे घरोघरी ठाऊक झाली. त्या काळी एक-दोन बाटल्या रक्त सज्ज ठेवूनच शस्त्रक्रियेला हात घालण्याचा परिपाठ होता. म्हणून आजही गुडघा बदलायचा ठरला की घरातील मंडळी प्रथम विचारतात, "रक्त किती लागेल?" उन्हाळ्यात रक्तपेढीत साठा आटलेला असतो आणि मुले पुण्या-मुंबईला असतात, तेव्हा ही चिंता लहान नसते.

मुळात रक्त जाते कोठे? मांडीला पट्टा आवळून ही शस्त्रक्रिया बहुधा केली जाते, त्यामुळे टेबलावर रक्त फारसे दिसत नाही. पट्टा सोडल्यावर आणि पुढील एक-दोन दिवस ते सांध्यात व भोवतालच्या स्नायूंत झिरपत राहते. दिसणारे आणि न दिसणारे मिळून हा ऱ्हास एक ते दीड लिटरपर्यंत जाऊ शकतो. नळीच्या पिशवीत थोडेच रक्त पाहून नातेवाईक निश्चिंत होतात. तिसऱ्या दिवशी हिमोग्लोबिनचा अहवाल पाहून धास्तावतात.

जखमेवर रक्ताच्या तंतूंची जाळी विणली जाते आणि गळती थांबते. परंतु तीच जाळी विरघळविणारे प्लाझ्मिन नावाचे द्रव्यही शरीर निर्माण करते. शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः पट्टा सोडल्यावर, या विरघळण्याला वेग येतो. ट्रॅनेक्सामिक ॲसिड हे औषध तेथेच आड येते. ते रक्त घट्ट करीत नाही. विणलेली जाळी लवकर उसवू देत नाही, एवढेच. छेद घेण्यापूर्वी साधारण एक ग्रॅम शिरेतून देतात, काही शल्यचिकित्सक सांध्यातही सोडतात. अनेक अभ्यासांत रक्त चढविण्याची वेळ येण्याचे प्रमाण याने निम्म्याहून खाली आलेले आहे. शासनाने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, तेव्हा नेहमीच्या प्रकाराची किंमत ५४,७२० रुपये ठरली होती. हे औषध इतके स्वस्त की बिलात त्याची ओळ शोधावी लागते.

याचा शोध १९६२ मध्ये जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोटो या संशोधक दांपत्याने प्रसिद्ध केला. प्रसूतीनंतर रक्तस्रावाने दगावणाऱ्या माता त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. पुढे २०१० मध्ये चाळीस देशांतील वीस हजारांहून अधिक अपघातग्रस्तांवरील चाचणीत हे औषध प्राण वाचविते, हे सिद्ध झाले. एवढे जुने औषध गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत सर्वमान्य व्हायला इतका काळ लागावा, याचे मला नवल वाटते.

आपल्या समाजात हमखास येणारा एक प्रश्न आहे: औषध प्राणिजन्य तर नाही? हे पूर्णतः रासायनिक पद्धतीने तयार होते. याच कामासाठी पूर्वी, मुख्यतः हृदयशस्त्रक्रियेत, वापरले जाणारे ॲप्रोटिनिन गाईच्या फुप्फुसापासून काढीत. सुरक्षिततेच्या शंकेमुळे २००७ मध्ये त्याची विक्री थांबविण्यात आली. मात्र शस्त्रक्रियेनंतर पायात गुठळी होऊ नये म्हणून जी हेपारिन गटातील इंजेक्शने देतात, ती डुकराच्या आतड्यापासून मिळवितात. त्याऐवजी रासायनिक गोळ्या अनेकांना चालतात. आपला नियम डॉक्टरांना आधी सांगावा, निर्णय मात्र त्यांच्यावर सोपवावा.

थोडे विषयांतर करतो. हेच औषध मासिक पाळीतील अतिस्रावावर गोळीच्या रूपात वर्षानुवर्षे दिले जाते. २०१९ मध्ये आपल्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या पाहणीत ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यातील कितीजणींना आधी साध्या गोळ्या मिळाल्या असतील, हा प्रश्न मनातून जात नाही.

आता सावधगिरी. ज्यांना पूर्वी पायात वा फुप्फुसात गुठळी झाली आहे, अर्धांगवायू येऊन गेला आहे, हृदयात स्टेंट आहे, फिट येतात किंवा मूत्रपिंड अशक्त आहे, त्यांनी ते भूलतज्ज्ञांना स्पष्ट सांगावे. अशांना हे औषध वर्ज्यच असते असे नाही. मात्रा, मार्ग आणि निर्णय बदलतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या मनाने बंद करू नयेत.

आणि केवळ या औषधावर विसंबू नये. हिमोग्लोबिन दहा असेल आणि शस्त्रक्रियेनंतर तीनने उतरले, तर रक्त लागणारच. वर्षीतप किंवा दीर्घ तपश्चर्येनंतर लगेच शस्त्रक्रियेची तारीख घेणाऱ्या भगिनींनी चार ते सहा आठवडे आधी तपासणी करून लोहाची उणीव भरून काढावी. चौविहार पाळणाऱ्यांनी औषधाच्या वेळेची काळजी करू नये. शिरेतून दिली जाणारी मात्रा शस्त्रक्रियागृहातच मिळते, त्यासाठी तोंडाने काही घ्यावे लागत नाही.